अडतीस सीड्यांचं वुडस्टॉक: पेटी घेताना, रिप करताना, ऐकताना

२ ऑगस्ट २०१९ रोजी, न्यूयॉर्क राज्यात १९६९ मध्ये भरलेल्या वुडस्टॉक या संगीत महोत्सवाला पन्नास वर्षं पूर्ण व्हायला दोन आठवडे उरले असताना, ऱ्हायनो या रेकॉर्ड कंपनीने 'बॅक टू द गार्डन' हा संच काढला. प्लायवुडच्या पेटीत ३८ सीड्या, ४३२ ट्रॅक, सुमारे ३६ तासांचं ध्वनिमुद्रण. त्यातले २६७ ट्रॅक त्याआधी प्रसिद्धच झालेले नव्हते. प्रती काढल्या १९६९, प्रत्येकीवर क्रमांक, किंमत ७९९.९८ डॉलर. याच नावाने १० सीड्यांचा आणि ३ सीड्यांचा असे दोन लहान संचही आले, त्यामुळे शोधताना गफलत होते. इथे मुख्यतः मोठ्या पेटीबद्दल लिहितो आहे.

छत्तीस तास कोण ऐकणार, हा प्रश्न हमखास विचारला जातो. गाणी ऐकायची असतील तर खरंच कुणी ऐकू नये. त्यासाठी लहान संच पुरतो. मोठ्या पेटीचं मोल वेगळं आहे. १५ ऑगस्ट १९६९ च्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास रिची हेवन्सने गिटार छेडली तिथपासून सोमवारी सकाळी जिमी हेंड्रिक्स थांबला तिथपर्यंत, ३२ कलाकार आणि त्यांच्यामधली निवेदनं, घडली त्या क्रमाने इथे लावलेली आहेत. इतका पूर्ण क्रम त्याआधीच्या कुठल्याही रेकॉर्डवर नव्हता.

आधीच्या रेकॉर्डांनी काय केलं होतं, ते पाहा. १९७० मध्ये महोत्सवावरच्या चित्रपटाच्या जोडीने तीन तबकड्यांचा अल्बम आला आणि दोन पिढ्यांनी वुडस्टॉक म्हणून तोच ऐकला. त्याची सुरुवात जॉन सबॅस्टियनने होते. प्रत्यक्षात तो शनिवारी गायला. शा ना ना ही मंडळी सोमवारी सकाळी, हेंड्रिक्सच्या अगदी आधी मंचावर आली होती. अल्बममध्ये ती शुक्रवारी रात्री गायलेल्या जोन बाएझच्याही आधी येतात. क्रमाचं एक वेळ सोडून देऊ. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग यांचं 'सी ऑफ मॅडनेस' तर वुडस्टॉकचं नव्हेच. ते महिनाभराने न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात मुद्रित झालं होतं. अर्लो गथ्रीचं 'कमिंग इंटू लॉस एंजेलिस'ही त्या रात्रीचं नाही. हे उघड झाल्यावर जुन्या अल्बमवरचा विश्वास उडतो, आणि उडायलाच हवा.

निर्माते अँडी झॅक्स यांनी ध्वनिमिश्रक ब्रायन केह्यू यांच्यासोबत मूळ फितींकडे परत जाऊन हे सगळं नव्याने जुळवलं. काम सोपं नव्हतं. चित्रपटासाठी आणि अल्बमांसाठी मूळ रिळांमधले तुकडे कापून नेलेले असले की मधली जोडणी हातानेच शोधून काढावी लागते.

आवाज असा का आहे

मंचामागे उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये एडी क्रेमर आणि ली ऑसबोर्न या ध्वनिमुद्रकांनी आठ ट्रॅकच्या (म्हणजे एकाच फितीवर आठ स्वतंत्र पट्ट्या मुद्रित करणाऱ्या) दोन यंत्रांवर हे मुद्रण केलं. आठांपैकी एक ट्रॅक चित्रपटाशी मेळ राखणाऱ्या संदर्भध्वनीत गेला. उरले सात. सात ट्रॅकमध्ये ड्रम, बास, दोन-तीन गिटारी, ऑर्गन, गायक आणि प्रेक्षक बसवायचे, म्हणजे कशात तरी काही मिसळणं भागच. एकदा ड्रमचे सगळे माइक एकाच ट्रॅकवर उतरले की पन्नास वर्षांनी कितीही चांगला मिश्रक बसवा, स्नेअर ड्रमचा आवाज वर आणि सिंबलचा, म्हणजे झांजांचा, खाली करणं त्याच्या हातात राहत नाही. काही बैठकींत (एका कलाकाराचं मंचावरचं सलग सादरीकरण ती एक बैठक) ड्रम पुठ्ठ्याच्या खोक्यासारखे वाजतात, त्याचं कारण हे. तो दोष सीडीचा नाही आणि तुमच्या स्पीकरचाही नाही.

दुसरी गोष्ट, साउंडचेक, म्हणजे आधीची ध्वनिचाचणी, जवळजवळ नव्हताच. मंचावर आधीच्या गटाचं सामान निघतंय, पुढच्याचं चढतंय, आणि ट्रेलरमधल्या माणसांना कुठला माइक कुठल्या वाहिनीवर आलाय ते पहिलं गाणं सुरू झाल्यावर कळतंय. बऱ्याच बैठकींत पहिल्या गाण्यात एखादं वाद्य गायब असतं किंवा गायकाचा आवाज एकदम पुढे उडी मारतो. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापर्यंत सगळं ताळ्यावर येतं. नव्या ऐकणाऱ्याने हे धरूनच चालावं. पहिल्या तीन मिनिटांवरून बैठक रद्द करू नये.

तिसरी गोष्ट फितीच्या लांबीची. १५ इंच प्रतिसेकंद वेगाने २५०० फुटांचं रीळ साधारण ३३ मिनिटं चालतं. म्हणूनच दोन यंत्रं: एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं आणि थोडा भाग दोन्हींवर घ्यायचा. हे प्रत्येक वेळी साधतंच असं नाही. शा ना नाच्या बैठकीचा काही भाग फितीवर आलाच नाही, त्यामुळे तो पेटीतही नाही. जिथे दोन रिळं जोडली आहेत तिथे फितीच्या 'हिस्स' आवाजाचा पोत किंचित बदललेला हेडफोनवर जाणवू शकतो.

गहाळ आहे ते आणखी एकच. हेंड्रिक्सच्या बैठकीतली, त्याचा साथीदार लॅरी ली याने गायलेली दोन गाणी. ती हेंड्रिक्सच्या वारसांच्या इच्छेनुसार वगळली आहेत. त्याच बैठकीत जुमा सुलतान आणि जेरी व्हेलेझ असे दोन तालवादक होते. फोटोत ते स्पष्ट दिसतात, ऐकू मात्र जवळजवळ येत नाहीत. सहा जणांचा गट असूनही कान तीनच माणसं मोजतो.

जुन्या फितींच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरला आहे: प्रत्येक जुनी फीत चालवण्याआधी मंद आचेवर 'भाजावी' लागते. भाजण्याची गरज मुख्यतः १९७० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या, मागच्या बाजूला लेप दिलेल्या फितींना पडते. त्यांचा बंधक, म्हणजे चुंबकीय कण फितीला धरून ठेवणारा थर, ओलावा शोषून चिकट होतो. १९६९ च्या फितींचे त्रास वेगळे. जोडाच्या पट्ट्यांचा डिंक सुकून सांधे सुटतात. एका वेढ्यावरचं चुंबकन शेजारच्या वेढ्यावर उमटतं आणि मोठ्या आवाजाच्या क्षणभर आधी त्याचीच पुसट सावली ऐकू येते. शांत निवेदनानंतर एकदम गिटार सुरू होते अशा जागी कान दिलात तर ही सावली सापडू शकते.

कुठे कान द्यायचा

मराठी वाचकाने सुरुवात पंडित रविशंकरांपासून करावी असं माझं मत. शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास, पावसात, तबल्यावर उस्ताद अल्लारखा आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. आधी पूरिया धनाश्री आणि सवारी तालातली गत, मग झपतालात एकल तबला, शेवटी मांज खमाज: आलाप, जोड आणि कहरव्यातली धून. पूरिया धनाश्री हा संधिप्रकाशाचा राग. तो रात्री दहाला का, याचा खल करायला इथे जागा आहे, पण त्या दिवशीचं वेळापत्रक आधीच कोलमडलेलं होतं हेही लक्षात घ्यावं. तांत्रिक बाजू जास्त रंजक आहे. दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते आणि सूर उतरतो. सतारीच्या तरफा (आपोआप झंकारणाऱ्या खालच्या तारा) एकमेकींना आणि तंबोऱ्याला सोडू लागतात. झपतालाच्या एकल वादनात दाहिन्याचा (उजव्या हाताच्या तबल्याचा) सूर कुठे बसतो आणि शेवटच्या धुनेत कुठे, हे एकापाठोपाठ ऐकून पाहा. सतारीसारख्या वाद्याला उघड्या मैदानावर माइक लावला की वारा आणि पाऊसही तितक्याच इमानाने आत शिरतात. इथे स्टुडिओतल्या सतारीची गोलाई शोधू नये.

शुक्रवारचाच पहिला कलाकार, रिची हेवन्स. गावोगावी सांगितली जाते ती गोष्ट अशी की पुढचे कलाकार वाहतुकीत अडकल्यामुळे तो तीन तास गात राहिला आणि गाणी संपल्यावर 'फ्रीडम' तिथल्या तिथे रचलं. स्वीटवॉटर हा गट वाहतुकीत अडकला होता हे खरं, 'फ्रीडम' जुन्या भजनावरून उत्स्फूर्त फुललं हेही खरं. पण पेटीत त्याची बैठक तासाभराच्या आसपास आटोपते. इतक्या वर्षांची आख्यायिका घड्याळ लावून तपासता येते, हे या संचाचं मोठं सुख आहे. त्याच्यानंतर स्वामी सच्चिदानंद यांचं छोटं प्रवचन येतं, तेही वगळू नये.

शनिवार लांबलचक आहे: चौदा कलाकार, दुपारपासून रविवारची सकाळ उजाडेपर्यंत. दुपारी सॅन्टाना येतात तेव्हा त्यांचा पहिला अल्बमही दुकानात आलेला नव्हता. 'सोल सॅक्रिफाइस'मधलं मायकल श्रीव्हचं ड्रमवादन चित्रपटामुळे सर्वांना पाठ आहे, पण त्याआधीची गाणी ऐकल्याशिवाय तो शेवट किती हळूहळू चढवत आणलाय ते समजत नाही.

रात्रीचा ग्रेटफुल डेड हा गट तर बिघाडाचा वस्तुपाठच. मंचावर सामान फिरवून बदलण्यासाठी चाकांचा फिरता चौथरा केला होता. त्यांच्या अवजड सामानाखाली तो मोडला. विजेचं अर्थिंग नीट नसल्याने ओल्या मंचावर गिटार आणि माइकला एकदम हात लागला की वादकाला शॉक बसत होता. बैठक रेंगाळते, गाण्यांमध्ये लांब खंड पडतात, 'टर्न ऑन युअर लव्हलाइट' अर्ध्या तासाहून अधिक ताणलं जातं. संगीत म्हणून ही त्यांची वाईट रात्र, त्यांनी स्वतःच ती तशी मानली. महोत्सव म्हणजे काय ते समजायला मात्र याहून चांगली सीडी पेटीत नाही. त्यांच्या लगेच मागून क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायवल येतात, आणि तोच मंच, तेच माइक, तरी सगळं धारदार लागतं. त्यांचा गायक जॉन फोगर्टी याला मात्र ही बैठक पसंत पडली नव्हती आणि ती चित्रपटात येऊ दिली गेली नाही. आज ऐकून त्याच्याशी सहमत होणं कठीण आहे.

द हू पहाटे पाचच्या सुमारास सुरू करतात आणि 'टॉमी' हा आपला रॉक-ऑपेरा वाजवता वाजवता उजाडतं. मध्ये राजकीय कार्यकर्ता अ‍ॅबी हॉफमन माइक बळकावतो आणि गटाचा गिटारवादक पीट टाउनशेंड त्याला हाकलतो. हे फितीवर आहे, लक्ष चुकलं तर निसटेल इतकं थोडकं. जेफरसन एअरप्लेन सकाळी आठच्या सुमारास, रात्रभर जागलेल्या आवाजाने.

रविवारी दुपारी मॅक्स यासगर, ज्याच्या बेथेलमधल्या दुग्धव्यवसायाच्या शेतावर हे सगळं भरलं तो शेतकरी, लोकांशी बोलतो. मग गायक जो कॉकर. तो संपताच वादळ. इथली निवेदनं आवर्जून ऐका. लोकांना स्पीकरच्या मनोऱ्यांवरून खाली उतरायला, त्यांच्यापासून लांब व्हायला सांगणारे आवाज, भिजणारी विद्युत यंत्रणा, काही तासांचा खंड. पेटीच्या आधी ही निवेदनं म्हणजे अल्बममधली फोडणी होती. इथे ती ताटातलं मुख्य अन्न आहेत. दमट हवेचा पुढचा फटका टेन इयर्स आफ्टरला बसतो: तारा उतरतात, गाणं थांबवून पुन्हा सूर मिळवावे लागतात.

कुठला संच घ्यावा

३ सीड्यांच्या संचात ४२ ट्रॅक आहेत. नमुना म्हणून ठीक. १० सीड्यांच्या संचात १६२, आणि सर्व ३२ कलाकार एका संचात प्रथमच आले ते त्यात. बहुतेकांनी इथेच थांबावं. एखाद्या कलाकाराचीच पूर्ण बैठक हवी असेल तर स्वतंत्र प्रकाशनं स्वस्त पडतात: सॅन्टाना, जॅनिस जॉप्लिन, स्लाय अँड द फॅमिली स्टोन, जेफरसन एअरप्लेन आणि जॉनी विंटर यांच्या २००९ मधल्या 'द वुडस्टॉक एक्सपिरियन्स' मालिकेतल्या जोड-सीड्या, हेंड्रिक्सचा १९९९ चा दोन सीड्यांचा संच, क्रीडन्सची २०१९ ची सीडी. २००९ चा सहा सीड्यांचा चाळिशीचा संचही झॅक्स यांचाच आणि चांगला आहे, पण त्यात सगळे कलाकार नाहीत.

मोठी पेटी आता जुन्या बाजारातूनच मिळवावी लागते, तेव्हा काय तपासायचं ते नीट ठरवून घ्यावं. सीड्यांशिवाय पेटीत चित्रपटाच्या दिग्दर्शकीय आवृत्तीची ब्ल्यू-रे, महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेची प्रतिकृती, गिटारचा पट्टा, पोस्टर, एका प्रेक्षकाने तिथे लिहिलेल्या डायरीची प्रतिकृती, हेन्री डिल्ट्झ यांनी काढलेली दोन छायाचित्रं आणि महोत्सवाचे एक आयोजक मायकल लँग यांचं पुठ्ठाबांधणीचं पुस्तक असतं. सर्वांत आधी हरवतात ती सुटी कागदपत्रं: छायाचित्रं आणि डायरी. विक्रेत्याकडून एकेका वस्तूचा वेगळा फोटो मागवा, क्रमांक वाचता येईल असा पेटीचा फोटो मागवा, आणि ३८ सीड्यांच्या चमकत्या बाजू सहा-सहाच्या ओळीत मांडून तिरप्या उजेडात काढलेले फोटो मागवा. समोरून पडणाऱ्या उजेडात ओरखडे लपतात. मध्याकडून काठाकडे गेलेले ओरखडे बहुधा निभावतात, कारण दुरुस्तीची माहिती सीडीवर विखरून ठेवलेली असते. मार्गाच्या दिशेने गोलाकार गेलेला ओरखडा सलग माहिती खातो आणि तिथेच अडखळतं.

प्लायवुड ओलावा पिऊन फुगतं आणि कोपऱ्याचे थर सुटू लागतात. फोटोत कोपरे नीट बघा. घरी आल्यावर पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर ठेवू नका. पाठवणाऱ्याला दुहेरी खोकं वापरायला सांगा. पेटी स्वतःच्याच वजनाने कोपऱ्यावर आपटते.

रिप करताना

पेटीतून दर वेळी सीडी काढणं म्हणजे ओरखड्यांना आमंत्रण. एकदाच सगळं संगणकावर उतरवावं, म्हणजेच रिप करावं. छत्तीस तासांचा न दाबलेला सीडी-दर्जाचा ध्वनी सुमारे २३ जीबी होतो, फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता दाबणाऱ्या स्वरूपात) १२ ते १५ जीबी. सीडीमागे आठ-दहा मिनिटं धरली तर पाच-सहा तासांचं काम. एका दमात करू नये. ड्राइव्ह तापली की वाचनाच्या चुका वाढतात. दिवसाला आठ-दहा सीड्या पुरे.

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा डीबी-पॉवरअँप, मॅकवर एक्सएलडी हे प्रोग्राम वापरा. सुरक्षित वाचनपद्धत निवडा, ड्राइव्हचा ऑफसेट (वाचनाची सुरुवात किती पुढे-मागे सरकते ते) आपोआप ओळखू द्या. अ‍ॅक्युरेटरिप या ऑनलाइन नोंदसंग्रहात जगभरातल्या लोकांनी उतरवलेल्या सीड्यांशी आपल्या नकलेची पडताळणी होते. पण १९६९ प्रतींच्या संचाच्या नोंदी तिथे फार थोड्या असणार. 'सीडी सापडली नाही' असं आलं म्हणून घाबरू नका. तोच ट्रॅक दोनदा वाचून दोन्ही वेळचा तपासअंक (वाचलेल्या माहितीवरून प्रोग्रामने काढलेला आकडा) जुळतो का ते पाहा. जुळला तर नक्कल बरोबर आहे असं समजायला हरकत नाही. नाहीच जुळला तर सीडी कोमट पाण्याने धुवून मऊ कापडाने मध्याकडून काठाकडे पुसा, मग दुसऱ्या ड्राइव्हवर घालून बघा. बऱ्याचदा सीडी नव्हे, ड्राइव्ह आजारी असते.

एमपी३ टाळा. त्या स्वरूपात ध्वनी ठरावीक मापाच्या चौकटींत बसवावा लागतो, म्हणून ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी जागा भरली जाते. प्लेअरने ती काढली नाही तर दोन ट्रॅकच्या सांध्यावर आवाज क्षणभर तुटतो. स्टुडिओ अल्बममध्ये हे खपून जातं. इथे सांधा लोकांच्या गलक्यातून जातो, त्यामुळे प्रत्येक तुटण कानाला खुपतं, आणि असे सांधे चारशेच्या आसपास आहेत. फ्लॅकमध्ये हा प्रश्न येत नाही, फक्त प्लेअरमध्ये सलग वाजवण्याची सोय चालू असल्याची आणि क्रॉसफेड (एक ट्रॅक पुढच्यात विरवणारी सोय) बंद असल्याची खात्री करा.

फोल्डरची नावं दोन अंकी ठेवा: ०१, ०२ ते ३८. नाहीतर एकच्या मागे दहा येतो आणि हेवन्सनंतर थेट शनिवार लागतो. सर्व सीड्यांना अल्बमचं नाव एकच द्या आणि सीडी क्रमांकाचा टॅग भरा. तारखेच्या टॅगमध्ये मोठा सापळा आहे. जोन बाएझ गाऊन संपली तेव्हा कॅलेंडरवर शनिवार उजाडला होता, द हू आणि जेफरसन एअरप्लेन तर रविवारचेच. कॅलेंडरची तारीख भरून त्याप्रमाणे क्रम लावलात तर एका रात्रीचे दोन तुकडे होतात. 'शुक्रवार', 'शनिवार', 'रविवार' असा महोत्सवाचा दिवस वेगळ्या रकान्यात ठेवावा, हेंड्रिक्ससकट सोमवारची सकाळ रविवारात धरावी.

आवाज सारखा करणारी सोय वापरत असाल तर ती अल्बमपुरती लावा, ट्रॅकपुरती नको. ट्रॅकपुरती लावली की हळू आवाजातलं निवेदन एकदम कानावर आदळतं आणि पुढचं गाणं दबलेलं वाटतं. छोटे इअरफोन बास वाढवणारे असतील तर ती वाढ काढून टाका. उघड्या मैदानावरच्या माइकमध्ये वाऱ्याची घरघर खालच्या पट्टीतच असते, बास वाढवलात की तीच आधी वाढते. ४० हर्ट्झच्या खालचा भाग थोडा उतरवला तर बास गिटार उलट स्वच्छ ऐकू येतो.

ऐकताना शफल बंद ठेवा. एका वेळी एक कलाकार, आणि त्याच्या मागचं-पुढचं निवेदन धरून. शनिवारची रात्र सलग ऐकायची असेल तर ग्रेटफुल डेडपासून सुरुवात करून क्रीडन्स, जॉप्लिन, स्लाय, द हू आणि जेफरसन एअरप्लेन असा पल्ला धरा. मूळ वेळा साधायच्या असतील तर स्लाय साडेतीनच्या सुमाराला आणि द हू पाचला लागतील असा गजर लावा, शेजारी झोपलेले असतील तर हेडफोन जवळ ठेवा.